निंबदऱ्याच्या ठरावाची दुरुस्ती

नांदुरा

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. फलाटावरचं धुकं कुठे संपतं आणि चहाच्या गाड्याचा धूर कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. गाडी निघून गेल्यावर सगळं इतकं शांत झालं की जिनिंगच्या बाजूने उडत आलेले कापसाचे तंतू मला दिव्याखाली दिसायला लागले. ते इतके सावकाश खाली येत होते की त्यातला एक जमिनीला टेकेपर्यंत मी बॅग हातात धरून उभा राहिलो. अकरा वर्षांपूर्वी मुलाकडे नाशिकला राहायला गेलो, तेव्हापासून असा कशासाठीच उभा राहिलो नव्हतो.

चहा घेतला. नाशिकला आता कुठेही चहा मागितला की आधी साखरेचं विचारतात. इथे तशी पद्धत नाही. साखर असतेच, आणि ती ढवळायचं काम आपलं असतं.

या प्रवासाचं कारण आधीच सांगतो. सत्तावीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या एका मतदारसंघाच्या बातम्या लिहिल्या. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि बुलढाण्याहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकाचा मी वार्ताहर होतो. कुठे समाजमंदिराचं भूमिपूजन, कुठे शाळेला पत्रे, कुठे ग्रामसभा, कुठे रस्त्याचं डांबरीकरण. त्या सगळ्या मजकुरात चुका पुष्कळ असतील. एक बातमी मात्र खोटी होती. ती निंबदऱ्याची, आणि ती दुरुस्त करायला मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निघालो होतो.

निमित्त एका फोनचं झालं. निंबदऱ्याच्या शाळेतल्या प्रतिभाताई नावाच्या शिक्षिका गावाचं एक पुस्तक करताहेत. गावाविषयी आजवर छापून आलेलं सगळं त्यात यायचं आहे. कुणीतरी त्यांना माझं नाव दिलं. त्यांनी विचारलं, काका, जुनी कात्रणं आहेत का? कात्रणं होती. ती बातमी त्यात सगळ्यात वर होती, कारण एवढ्या वर्षांत मी तीच एक पुन्हा पुन्हा काढून वाचली होती. कळवलं नाही तर ती दुसऱ्यांदा छापली जाणार होती.

बुलढाणा

नांदुरा खाली, सपाटीवर, रुळांच्या कडेला. बुलढाणा वर, पठारावर, आणि तिथे रेल्वे पोचलेली नाही. त्यामुळे ज्याला बुलढाण्याला जायचं त्याला एस.टी.त बसून राजूर घाट चढावाच लागतो. जानेवारीत घाटातलं गवत उंटाच्या रंगाचं होतं. एकेका वळणावर खालचा मुलूख दिसायचा, तो धुक्यात बुडालेला. त्यातून फक्त झाडांचे शेंडे वर आलेले. मला वाटत राहिलं की मी खालून वर जात नसून, मागच्या कुठल्यातरी वर्षात जातो आहे.

बुलढाण्याला मुक्काम केला. दुपारी कोर्टाच्या बाजूने चालत गेलो. आमचं दैनिक जिथून निघायचं तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. काचेआडचा तरुण म्हणाला, "काय पायजे बाबा?" मी म्हणालो, काही नाही, नुसता बघतो आहे. तो म्हणाला, "पाहा, पाह्याले पैसे नाई लागत."

तिथे उभा राहून मी जे बघत होतो ते सांगतो. आमच्या काळात तालुक्याची बातमी पाकिटात घालून तीनच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, ती संध्याकाळी बुलढाण्याला पोचायची, सकाळी छापून यायची. ग्रामसभा मात्र चारच्या आधी कधी सुरू व्हायची नाही. मग आम्ही वार्ताहर काय करायचो, तर ग्रामसेवकाकडून विषयांची यादी आणायची आणि सभा व्हायच्या आधीच तिची बातमी लिहून मोकळं व्हायचं. 'सदर ठराव एकमताने मंजूर करण्यात आला' हे वाक्य माझ्या हाताला इतकं सरावलेलं होतं की ते लिहिताना मी गिऱ्हाइकाशी बोलू शकायचो. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

तीस वर्षांपूर्वीच्या निंबदऱ्याच्या त्या सभेत तलावाचा विषय होता. गावाच्या वर, नाल्यावर बांध घालून पाणी साठवायचं. मी सकाळीच एकमत लिहिलं, तीनच्या गाडीला पाकीट दिलं आणि सायकलवर सभेला गेलो. तिथे कौसल्याबाई उभी राहिली. ती ग्रामपंचायतीची सदस्य होती, राहायला गावात, पण नाल्याकाठच्या खालच्या वस्तीच्या मतांवर निवडून आलेली. वस्तीतली माणसं त्या दिवशी कापूस वेचायला बाहेर गेली होती आणि तिने त्यांना शब्द दिला होता की मी बोलीन. ती बोलली. सगळ्यांसमोर, वस्तीचं नाव घेऊन, विरोध केला. ठराव मंजूर झाला, पण एकमताने झाला नाही.

परतताना रस्त्यावर एस.टी.डी. बूथ होता. एक फोन केला असता तर ती ओळ निघाली असती. मी घरी जाऊन जेवलो.

हिवरा आश्रम

दुसऱ्या दिवशी मेहकरकडची गाडी पकडली. चिखली मागे पडली तसं ऊन अंगावर आलं आणि मला झोप लागली. झोपेत मी बराच वेळ एका सभेत होतो. सगळे बसलेले, कुणीच बोलत नव्हतं, आणि माझ्या हातात पेन होतं. जाग आली ती गाडी थांबल्यावर. बाहेर हिवरा आश्रमाची पाटी.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, निंबदरा फाटा कवाच गेला."

मी विचारलं, मग हाक का नाही मारली.

"मारली न. तुमी झोपेत मान हालवली. मले वाटलं, बाबाले आश्रमातच जायाचं हाय. या वयात कोन नाई म्हनते."

आजूबाजूची माणसं हसली, मीही हसलो. उतरून हॉटेलात बसलो. गरम भजी आणि सोबत मीठ लावून तळलेल्या मिरच्या. नाशिकला भज्यांबरोबर गोड चटणी देतात. इथल्या मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं आणि झोप पार उतरली. मग काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसलो आणि आलो त्या रस्त्याने मागे गेलो. पुढच्या सीटवरच्या दोन बाया घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव आलं, कुणाचं गाळलं, त्यावर बोलत होत्या. त्या बातम्या माझ्या हाताखालून जायच्या त्याच होत्या. फक्त आता त्यांना माझी गरज उरलेली नव्हती, त्या त्यांच्या फोनमध्येच होत्या.

निंबदरा

फाट्यावर प्रतिभाताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. मागे बसा म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसलो आणि दोन किलोमीटर डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा गाव आलं होतं.

गाव बदललं आहे, आणि चांगलं बदललं आहे, हे लिहायला हवं. आतले रस्ते सिमेंटचे. जुन्या चावडीच्या जागी अभ्यासिका, तिच्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. शाळेच्या भिंतीवर सौरमालेचं चित्र, शनीची कडी जरा वाकडी. शेतांत वांगी, कोबी, मेथी, टोमॅटो. रोज पहाटे इथून भाजीची गाडी भरून जाते. हे सगळं त्या तलावाने केलं.

संध्याकाळी मी एकटा बांधावर गेलो. पाणी इतकं निश्चल होतं की पलीकडच्या टेकडीचं खरं टोक वरचं की खालचं, असा प्रश्न पडावा. काठाला पाणकावळे पंख पसरून बसलेले. कुठेतरी पंप चालू होता आणि त्याचा आवाज पाण्यावरून येताना मऊ होऊन येत होता. मला ती जागा फार सुंदर वाटली. तसं वाटल्याची लाजही वाटली, पण बघायचं सोडवेना. मग मी तोंड फिरवून बांधाची दुसरी बाजू पाहिली. खाली नाल्याची नुसती वाट होती, पांढऱ्या गोट्यांची, वळत वळत खालच्या वस्तीकडे गेलेली. तिच्यात एक शेळी चालत होती.

वस्तीचं पाणी म्हणजे त्या नाल्यातला झिरा. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी यायचं, उन्हाळ्यातसुद्धा. त्या झिऱ्यावर वस्तीतल्या घरांचे वाफे होते. बांध झाला, पाणी वर अडलं आणि दोन वर्षांत झिरा आटला.

रात्री जेवायला प्रतिभाताईंकडे ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. मी त्यांना सगळं सांगितलं. सभेनंतर वर्षभराने कौसल्याबाई माझ्या दुकानात आली होती, तेही सांगितलं. तिच्या हातात कात्रण होतं. "भाऊ, दोन वळी छापा," एवढंच म्हणाली, "का कौसल्या बोलली होती." वस्तीतल्या लोकांनी पेपर वाचून ठरवलं होतं की बाई गप्प बसली, विकली गेली. तिची सख्खी बहीण गयाबाई त्याच वस्तीत दिलेली. गयाबाईनेच दारोदार फिरून तिच्यासाठी मतं मागितली होती. तीही तिच्याशी बोलेनाशी झाली होती. मी म्हणालो, बघू. दुरुस्ती छापायची तर सभेआधी बातमी पाठवल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि वार्ताहरकी गेली असती. माझं 'बघू' तीस वर्षं चाललं.

प्रतिभाताईंनी सोललेले दाणे माझ्या ताटात टाकले. मग म्हणाल्या, "पुस्तकात कात्रणाखाली तुमचं म्हणणं छापते. पण उद्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आहे. तिथेच सांगा ना."

ग्रामसभा

झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी मिळाली आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. मी बोलायला उठलो तर तरुण सरपंचाने मला हाताने थांबवलं. बाहेरगावचा माणूस सत्कार झाल्याशिवाय बोलत नाही, अशी इथली रीत. शाल आली, नारळ आला. माईकवरून सांगितलं गेलं की ज्येष्ठ पत्रकारांनी आपल्या गावाचं नाव जिल्हाभर पोचवलं. टाळ्या झाल्या. अशा रीतीने शाल पांघरून, काखेत नारळ धरून मी सांगितलं की मी तुमच्या गावाची खोटी बातमी छापली.

सगळं सांगितलं, जेवायला घरी गेल्यासकट. लोकांनी शांतपणे ऐकलं. सरपंच अवघडला. म्हणाला, जुनं प्रोसिडिंग बदलता येत नाही, पण आजच्या सभेत तुमच्या निवेदनाची नोंद घेऊ. त्याने विचारलं, घ्यायची का? हात वर झाले. ग्रामसेवकाने लिहायला घेतलं, आणि त्याच्या पेनाकडे बघताना माझ्या लक्षात आलं की तो काय लिहितो आहे. एकमताने.

मला वाटलं, आपलं काम झालं. मी खाली बसायला वळलो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. पांढरे केस, हिरवं लुगडं, पाठ अजून ताठ. तीस वर्षांनीही कौसल्याबाई उभी राहण्याच्या पद्धतीवरून ओळखू आली.

"पत्रकार भाऊ," ती म्हणाली, "इथं सांगून काय उपेग? हे समदे तं त्या दिवशी इथंच होते. यायनं माह्या तोंडून आयकलं होतं. जे नव्हते त्यायले सांगा."

वयस्क माणसं जमिनीकडे बघत होती. तीस वर्षं त्यांना माहीत होतं. वरच्या गावाला पाणी मिळालं होतं, खाली जाऊन खरं सांगायची कुणालाच घाई नव्हती. त्यांच्यातला एकजण मागाहून मला म्हणाला की आम्ही सांगितलंही असतं, पण छापून आलेल्यापुढे आमचं कोण ऐकतं. ते खरंही असेल.

खालची वस्ती

वस्ती दीड किलोमीटरवर. स्कूटी नको म्हणालो. कौसल्याबाई आणि मी नाल्याच्या वाटेने चालत गेलो. गोट्यांवरून पाय घसरायचा, मग ती थांबायची आणि माझी वाट बघायची, हात द्यायची नाही. शाल मी प्रतिभाताईंकडे ठेवून आलो होतो. दुपार टळायला आली होती. नाल्याच्या दोन्ही कडांना बोरी, त्यांच्याखाली पिकून पडलेल्या बोरांचा सडा, त्याचा आंबूस वास. वाटेत एका जागी ती नुसती उभी राहिली. म्हणाली, झिरा इथं होता. पांढऱ्या गोट्यांत मला काहीही वेगळं दिसलं नाही. पण तिथून पुढे जाताना तिने एक पाऊल बाजूने टाकलं, पाण्याला वळसा घालावा तसं.

गेल्या तीस वर्षांत ती वस्तीत किती वेळा आली, मी विचारलं. बहिणीच्या मालकाच्या मयतीला एकदा, म्हणाली. पाणीसुद्धा न घेता परत गेली होती.

गयाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. बहिणीपेक्षा चारेक वर्षांनी लहान, पण जास्त थकलेली. तिने आम्हाला येताना पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे बघितलं. कौसल्याबाई अंगणाच्या कडेला थांबली, आत आली नाही. मी एकटाच पुढे गेलो, नाव सांगितलं. नाव तिला माहीत होतं.

मी सांगायला सुरुवात केली. सकाळी सभेत मी ते नीट, क्रमाने सांगितलं होतं. इथे शब्द मागे-पुढे झाले. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी तिने विचारलं, "काय बोलली होती ते?"

मी म्हणालो, विरोध केला होता.

"तसं नाई. काय बोलली होती? शब्द सांगा."

शब्द मला पाठ होते. बातमीत त्यांचा पत्ताच नव्हता म्हणून पाठ झाले असावेत. मी सांगितलं: "बांध घाला, मी नाई म्हनत नाई. पन झिऱ्याच्या खाली घाला. वस्तीचं पानी वस्तीलेच राहू द्या. तिथली मानसं आज इथं नाईत, म्हनून त्यायच्या वतीनं मी उभी हाय."

गयाबाईचे हात थांबले.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पलीकडच्या घरातलं कोंबडं छपरावर चढून आमच्याकडे बघत होतं. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. तिथे कौसल्याबाई उभी होती आणि ऊन तिच्या पायांपाशी येऊन थांबलं होतं. 

"तिनं बी हेच सांगतलं होतं," गयाबाई म्हणाली. "हेच शब्द. मी म्हनलं, पेपरवाल्याले का तुह्याशी वैर हाय काय, खोटं छापाले." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता: "वैर बी नव्हतं तुमचं. भूक लागली होती."

मी उभाच राहिलो.

तिने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बहिणीकडे न बघता म्हणाली, "मी चवदा दारात गेली होती मतं मागाले. माही बहीन तुमचा शब्द राखीन म्हनून. त्या हर दारात हे सांगाले पायजे. चाला."

आणि आम्ही निघालो. निवडणुकीत उमेदवार फिरतो तसेच, फक्त निवडणूक नव्हती आणि मत मागायचं नव्हतं. पुढे गयाबाई, मागे मी, चार पावलं मागे कौसल्याबाई. पहिल्या घरी एक आजोबा बाजेवर होते, त्यांना ऐकू कमी येत होतं. गयाबाईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मला म्हणाली, तुमी बोला, मी सांगते. मी एकेक वाक्य बोललो, ती ते कानात सांगत गेली. आजोबांनी मान हलवली आणि कौसल्याबाईकडे बघून हात जोडले. पुढच्या तीन घरांना कुलूप होतं, माणसं कापसाला गेलेली. गयाबाई म्हणाली, हे उद्या. एका घरी चहा झाला. एका घरची बाई सरळ म्हणाली, आता सांगून का झिरा परत येते? तिचं बरोबर होतं. पण तिने पुरतं ऐकून घेतलं आणि आम्ही निघताना फाटकापर्यंत आली.

उन्हं अगदी तिरपी झाली तेव्हा आम्ही एका नव्या, गिलावा न झालेल्या घराशी पोचलो. दारात नवी सून, कडेवर पोर. जुनी माणसं गेली होती. तिला तलावाच्या सभेचं काही माहीत असायचं कारणच नव्हतं, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मला वाटलं, हे घर सोडावं. गयाबाईने सोडलं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, सकाळपासून कितव्यांदा ते आठवत नाही. सून भांबावून ऐकत होती. झाल्यावर तिने आमच्या मागे, चार पावलांवर उभ्या असलेल्या म्हातारीकडे बोट केलं आणि विचारलं, त्या कोण?

गयाबाई मागे वळली. मागे गेली. कौसल्याबाईच्या मनगटाला धरून तिने तिला पुढे, अगदी उंबरठ्यापाशी आणलं.

"ही माही अक्का," ती म्हणाली. "आपल्यासाठी बोलली होती ती."